दोन दिवस, सहा सामने, बारा खेळाडू: महिला रग्बी सेव्हन्सच्या प्रादेशिक स्पर्धेत राष्ट्रीय संघ कसा सांभाळावा

सेव्हन्सचा, म्हणजे सात-सात जणींच्या रग्बीचा, एक सामना १४ मिनिटांचा. स्पर्धा मात्र दोन दिवसांची, आणि शेवटपर्यंत टिकलात तर पाच-सहा सामन्यांची. पहिल्या सकाळी वाऱ्यासारखा पळणारा संघ दुसऱ्या दुपारी उपांत्य सामन्यात ढेपाळतो. त्याचं कारण बहुतेकदा त्या सामन्यात नसतं, आधीच्या सामन्यांमधल्या मोकळ्या वेळात असतं. दुसरं कारण रीस्टार्ट, म्हणजे गुण झाल्यावर किकने खेळ पुन्हा सुरू करणं. या दोन गोष्टी ज्या संघाने बसवल्या, त्याचं बाकीचं बरंचसं आपोआप जमतं.

बारा जणी निवडताना

मैदानावर ७, राखीव ५. सगळ्यात वेगवान बारा जणी निवडणं ही नेहमीची चूक. आधी कामं मोजा. सेव्हन्समध्ये किक-ऑफ, कन्व्हर्जन (ट्राय म्हणजे समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवणं, त्याचे ५ गुण; त्यानंतरची २ गुणांची किक) आणि पेनल्टीचा गोल हे सगळं ड्रॉप किकनेच (चेंडू जमिनीवर सोडून उसळताच मारलेली किक) होतं, त्यामुळे भरवशाच्या किकर तिघी हव्यात. स्क्रम, म्हणजे दोन्ही संघांनी वाकून, एकमेकींना भिडून चेंडूसाठी रेटणं, तिघींचा असतो. त्यात उभ्या राहू शकतील अशा पाच जणी आणि त्यांपैकी दोघी हूकर, म्हणजे मधे राहून पायाने चेंडू मागे ओढणाऱ्या. रीस्टार्टला हवेत झेल घेणाऱ्या चौघी. मागे एकटीने टॅकल (चेंडू घेऊन पळणारीला धरून पाडणं) करू शकतील अशा दोन स्वीपर. एकीने दोन-तीन कामं केली तरच हे बारात बसतं, आणि तशीच खेळाडू या खेळात सोन्यासारखी.

पात्रतेचे कागद निवडीच्या दिवशीच तपासा. त्या देशातला जन्म, किंवा आई-वडील वा आजी-आजोबांपैकी कुणाचा तरी तिथला जन्म, किंवा सलग ६० महिन्यांचं वास्तव्य, यांपैकी काय लागू पडतं ते पुराव्यासह फाइलमध्ये हवं. रक्ततपासणी स्पर्धेच्या सहा ते आठ आठवडे आधी करून घ्या, हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा). लोहाची कमतरता आठवड्याभरात भरून निघत नाही, आणि ती असलेली खेळाडू पहिला सामना ओढून नेते, तिसऱ्यात थांबते.

रीस्टार्ट: इथे सगळ्यात जास्त वेळ घाला

सेव्हन्समध्ये ट्राय करणारा संघच पुन्हा किक मारतो. म्हणजे गुण मिळवल्यावर चेंडू समोरच्यांच्या हातात द्यायचा असतो. तो तिथल्या तिथे परत मिळवला, तर प्रतिस्पर्धी चेंडूला हात न लावता दोन ट्रायनी मागे पडतात.

चेंडूने मध्यरेषेपलीकडची १० मीटरची रेषा गाठली पाहिजे. किक आखूड पडली, थेट बाहेर गेली किंवा तुमची एखादी खेळाडू चेंडूच्या पुढे निघाली, तर समोरच्यांना मैदानाच्या मधोमध फ्री किक मिळते. लढवता येणारी किक १२ ते १५ मीटरवर उतरते. तेवढं अंतर धावायला अडीच-तीन सेकंद लागतात, म्हणून चेंडू तितका वेळ हवेत राहायला हवा. खाली येणाऱ्या चेंडूखाली दोघी पोचल्या पाहिजेत: एक झेलायला, दुसरी निसटलेला चेंडू उचलायला.

किक बिघडते ती बहुधा चेंडू सोडताना. तो उभा, टोकावर पडला तर सरळ वर उसळतो. जरा तिरका पडला की कुठेही जातो. पायाला उशिरा लागला तर किक सपाट जाते आणि पळणाऱ्यांना वेळच मिळत नाही. शरीर मागे झुकलं तर उंची येते, पण अंतर कमी पडतं. सरावात १२ मीटरवर, बाजूच्या रेषेजवळ ५ बाय ५ मीटरचा चौकोन आखा. सत्राच्या शेवटी, पाय जड झालेले असताना, प्रत्येक किकरने दहा किक माराव्यात. सात आत पडेपर्यंत ती किक सामन्यासाठी तयार धरू नका. ताज्या पायांनी मारलेल्या किकवरून काहीच कळत नाही.

समोरच्यांच्या किकवर चेंडू घेताना एकीला दोघींनी उचलायचं, चौथीने समोर पडणाऱ्या चेंडूवर नजर ठेवायची, स्वीपरने मागे थांबायचं. झेलणारीने खांदा प्रतिस्पर्ध्यांकडे वळवून झेल घ्यावा, म्हणजे निसटलेला चेंडू पुढे न जाता आपल्याच बाजूला पडतो. उचललेल्या खेळाडूला पाय जमिनीला लागेपर्यंत सोडायचं नाही; उचलणाऱ्या दोघी थकलेल्या असल्या की हेच आधी विसरलं जातं.

दोन सामन्यांमधला वेळ

साधारण अडीच-तीन तास मिळतात. पहिली दहा मिनिटं चालणं आणि पाणी. सामन्याआधी आणि नंतर वजन करा. एक किलो घटलं असेल तर पुढच्या दोन तासांत सव्वा ते दीड लिटर, मीठ असलेलं पेय थोडं थोडं करून प्यायला द्या. एकदम ढोसलं तर पोटात डुचमळतं. अर्ध्या तासाच्या आत खाणं सुरू व्हावं, दर किलो वजनामागे सुमारे एक ग्रॅम कर्बोदकं: केळी, साधा भात, ब्रेड. तळलेलं आणि चोथ्याचं संध्याकाळसाठी ठेवा. मग सावलीत पाय वर करून पडणं. इतर संघांचे सामने पाहायला सगळ्यांनी उन्हात बसू नये. ते काम एका सहायकाचं.

वॉर्म-अप पहिल्या सामन्याआधी ३० ते ३५ मिनिटं, नंतरच्या सामन्यांआधी २० पुरे. प्रत्येक वेळी पूर्ण वॉर्म-अप करणारा संघ दिवसाअखेर जवळजवळ एक जादा सामना खेळून बसतो.

सामानाच्या पिशवीत सॅनिटरी पॅड, टॅम्पॉन, जादा शॉर्ट्स आणि स्पोर्ट्‌स ब्रा असू द्या, आणि त्या कुठे आहेत हे न विचारता प्रत्येकीला माहीत असावं. डोक्याला मार लागून कन्कशनची (मेंदूला धक्का बसल्याची) शंका आली, तर ती खेळाडू बाहेर. दुसऱ्या दिवशीही नाही, तिने कितीही आग्रह धरला तरी नाही.

गुणतक्ता

बहुतेक स्पर्धांत विजयाला ३, बरोबरीला २ आणि पराभवाला १ गुण असतो. गुण समान झाले तर आधी आपसातला सामना, मग गुणफरक, मग ट्रायचा फरक पाहतात. तुमच्या स्पर्धेचा नेमका क्रम नियमपत्रिकेतून कागदावर उतरवा आणि बाकावर ठेवा. १२ संघ आणि तीन पूल (गट) असतील तर तिसऱ्या क्रमांकाचे चांगले दोन संघही पुढे जातात. तिथे २० गुणांनी हरताना शेवटच्या मिनिटात केलेला ट्रायही उपयोगी पडतो. म्हणूनच मागे कुणी नसेल तर चेंडू गोलच्या खांबांखाली नेऊन टेकवायचा. कोपऱ्यातून कन्व्हर्जन अवघड, आणि त्याला वेळ फक्त ३० सेकंदांचा.

पिवळं कार्ड आणि शेवटची चाल

पिवळं कार्ड म्हणजे दोन मिनिटं बाहेर, सामन्याचा सातवा भाग. सहा जणींनी बचाव करताना स्वीपर पुढे आणू नका. चेंडूपासून सर्वांत दूरची कड मोकळी सोडा आणि ओळ एकत्र सरकवा. तिथपर्यंत चेंडू न्यायला समोरच्यांना तीन अचूक पास लागतात.

बाद फेरीत बरोबरी झाली तर पाच-पाच मिनिटांच्या अतिरिक्त वेळेत पहिला गुण घेणारा संघ जिंकतो. टोकियो ऑलिंपिकच्या उपांत्य सामन्यात न्यूझीलंडने फिजीला असंच २२-१७ हरवलं. नाणेफेक जिंकलात आणि झेलण्यावर भरवसा असेल, तर बाजू निवडा. मग किक समोरच्यांनाच मारावी लागते.

भोंगा वाजला तरी चेंडू मृत होईपर्यंत खेळ संपत नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदकाच्या सामन्यात ऑस्ट्रेलिया १२-७ ने पुढे होती. शेवटच्या चालीत अमेरिकेची अ‍ॅलेक्स सेड्रिक स्वतःच्या भागातून टॅकल मोडत जवळजवळ सगळं मैदान धावली, खांबांखाली ट्राय केला आणि कन्व्हर्जनही तिनेच मारलं: १४-१२. प्रत्येक सरावाचा शेवट अशाच चालीने करा: भोंगा वाजलेला, पाच गुणांची आघाडी, चेंडू समोरच्यांकडे, आणि ओळीतल्या सगळ्या दमलेल्या.