कपाशीच्या शिवारातून जहाल कीटकनाशकं हटवायची, तर कामाची आखणी कशी करावी

2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन 20हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो जण दवाखान्यात होते. त्या वर्षी पऱ्हाटी (कपाशीची झाडं) डोक्याच्या वर गेली होती, हवा दमट होती आणि एकाच पंपात दोन-तीन औषधं मिसळली जात होती. त्यानंतर मास्क आणि हातमोजे भरपूर वाटले गेले. मास्क हवाच, पण कोणतं औषध कधी मारायचं हे जोवर कृषी केंद्राच्या, म्हणजे औषधांच्या दुकानाच्या काउंटरवर ठरतं, तोवर फवारण्या कमी होत नाहीत. हा निर्णय बांधावर आणि मोजणीवर व्हावा, यासाठी गावाने काय करायचं ते इथे दिलं आहे.

आधी शिवार निवडा, मग माणसं

इच्छुक शेतकऱ्यांची यादी करून सुरुवात केली, तर शेतं गावभर विखुरतात. गुलाबी बोंडअळीचा पतंग बांध ओळखत नाही, त्यामुळे मध्येच एखादं शेत सुटलं की शेजारच्यांची मेहनत वाया जाते. एका नाल्याच्या किंवा पांदणीच्या अलीकडचं सलग 100 एकर घ्या आणि त्यातल्या प्रत्येक शेतमालकाला भेटा. बटाईने किंवा मक्त्याने शेती करणाऱ्यालाही भेटा, कारण औषध तोच आणतो.

समिती 7 ते 9 जणांची पुरे. त्यात फवारणीची मजुरी करणारे किमान दोघे हवेत, कारण विष अंगावर घेणारा बहुतेक वेळा शेतमालक नसतो. पंपामागे मजुरी असली की घाई होते, वारा अंगावर येत असला तरी काम थांबत नाही. फवारणीची मजुरी दिवसावर द्यायची, हा ठराव पहिल्याच बैठकीत घ्या.

मागच्या हंगामाचा हिशेब

हे काम फेब्रुवारी-मार्चमध्ये करा. तेव्हा कृषी केंद्राची बिलं हाताशी असतात आणि रिकाम्या बाटल्या गोठ्यात पडलेल्या सापडतात. 30 घरं पुरेत. प्रत्येक फवारणीसाठी एवढंच लिहा: तारीख, बाटलीवरचं रासायनिक नाव, लेबलवरच्या त्रिकोणाचा रंग, पंपामागे किती मिली, एकरी किती पंप, कोणी फवारलं आणि नंतर मळमळ, डोळ्यांची आग, चक्कर असं काही झालं का.

ब्रँडच्या नावावर थांबू नका. एकच रसायन वेगवेगळ्या नावांनी विकलं जातं, आणि 'दोन वेगळी औषधं' म्हणून मिसळलेल्या बाटल्यांत तेच निघतं, म्हणजे मात्रा दुप्पट होते. त्रिकोण लाल असेल तर औषध अत्यंत जहाल. त्याच्याखाली क्रमाने पिवळा, निळा आणि हिरवा येतात. मात्र हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे.

वापर लिटरमध्ये मोजण्याची चूक बरेच प्रकल्प करतात. नवी औषधं पंपाला काही ग्रॅमच लागतात. लिटर घटले म्हणून विष घटलं असं होत नाही. त्यापेक्षा तीन आकडे धरा: एकरी एकूण फवारण्या, त्यांतल्या लाल-पिवळ्या त्रिकोणाच्या फवारण्या आणि एकरी औषधखर्च. उद्दिष्टही याच आकड्यांत लिहा. उदाहरणार्थ: पहिल्या वर्षी लाल त्रिकोण शून्यावर, एकूण फवारण्यांपैकी दोन कमी. 'विषमुक्त गाव' असा फलक पहिल्या वर्षी लावू नका. एका वर्षात ते होत नाही आणि लोकांचा विश्वास मात्र जातो.

सगळ्यात आधी वाचते ती पहिली फवारणी

बीटी बियाण्याला बहुधा इमिडाक्लोप्रिड किंवा थायोमेथॉक्झाम या कीटकनाशकाची प्रक्रिया केलेली असते. तिच्यामुळे साधारण पहिला महिनाभर मावा-तुडतुडे आटोक्यात राहतात. तरीही 'पीक हिरवंगार दिसावं' म्हणून विसाव्या-पंचविसाव्या दिवशी औषध मारलं जातं. त्यात किडी खाणारे ढालकिडे, क्रायसोपा आणि कोळी मरतात, आणि किडीला मोकळं रान मिळतं. शिवाय युरिया जास्त झाला की पान लुसलुशीत होऊन तुडतुडे वाढतात. म्हणून खताचा हिशेबही त्याच वहीत ठेवा.

मोजणी

दर 25 एकरांमागे एक मोजणीदार ठेवा. दहावी झालेली मुलं-मुली हे काम उत्तम करतात. त्यांना मानधन द्या, फुकटची मोजणी ऑगस्टच्या पोळ्यापर्यंतही टिकत नाही. आठवड्याचा वार ठरलेला असावा. एकरात तिरपं चालत 20 झाडं घ्यायची आणि प्रत्येकाचं वरचं, मधलं, खालचं असं एकेक पान उलटून पाहायचं. बांधालगतची झाडं सोडून द्या, तिथली संख्या फसवी असते.

पानामागे सरासरी 2-3 तुडतुडे, 10 मावा, 10 फुलकिडे किंवा 8-10 पांढऱ्या माश्या दिसल्या, तरच फवारणीचा विचार करा. यालाच आर्थिक नुकसानीची पातळी म्हणतात. आकडे देवळाजवळच्या फळ्यावर शेताच्या गट क्रमांकासह लिहा. शेजाऱ्याने फवारलं म्हणून फवारण्याची घाई या फळ्यामुळे कमी होते.

बोंडअळीची मोजणी वेगळी. पेरणीनंतर 45 दिवसांनी एकरी 2 कामगंध सापळे (मादीच्या गंधाच्या गोळीने नर पतंग ओढणारे) पिकाच्या शेंड्यापेक्षा फूटभर उंच लावा. पीक वाढेल तसा सापळा वर सरकवावा लागतो. हे राहून गेलं की सापळा पानांत दडतो, पतंग येत नाहीत आणि 'अळी नाही' असा चुकीचा निष्कर्ष निघतो. गोळी गुलाबी बोंडअळीचीच आहे ना, हे पाकिटावर वाचा. हिरव्या बोंडअळीची गोळी दिसायला सारखीच असते. गोळी उघड्या हाताने धरू नका आणि महिन्याला बदला. सलग तीन दिवस सापळ्यामागे रोज 8 पतंग आले, तर पातळी ओलांडली.

सापळ्यावरच विसंबू नका. आठवड्यातून एकदा एकरी 20 हिरवी बोंडं फोडून पाहा. बाहेरून निरोगी दिसणाऱ्या बोंडात अळी असते. 2 बोंडांत सापडली की 10 टक्के झाले, बाकीची बोंडं वाचवायला तेव्हाच फवारा. गुलाबासारख्या मिटलेल्या डोमकळ्या दिसतील तेव्हाच तोडून नष्ट करायच्या. अळी एकदा बोंडात शिरली की कितीही जहाल औषध तिथवर पोचत नाही, आणि जास्तीत जास्त विष वाया जातं ते याच वेळी.

निंबोळी अर्काचं गणित आधीच करा

हेच सगळ्यांत जास्त फसतं, कारण गरज पडते तेव्हा निंबोळ्या नसतात. 5 टक्के अर्कासाठी 5 किलो सुक्या निंबोळीची भरड 9 लिटर पाण्यात रात्रभर भिजवायची. सकाळी फडक्यातून पिळून गाळायची. 200 ग्रॅम धुण्याचा चुरा 1 लिटर पाण्यात विरघळवून त्यात मिसळायचा आणि एकूण 100 लिटर करायचं. एकरी 15 लिटरचे 10 पंप धरले तर साडेसात किलो भरड लागते. 100 एकर, दोन फवारण्या: 1500 किलो. जून-जुलैत निंबोळ्या पडतात तेव्हाच गोळा करून सावलीत वाळवा. ओलसर पोत्यात भरल्या तर बुरशी येते.

अर्क उन्हात निकामी होतो. तो त्याच दिवशी आणि संध्याकाळी फवारा. दोनदा गाळला नाही तर नोझल तुंबतं आणि लोक वैतागून सोडून देतात. अंडी आणि लहान अवस्थेवर तो चालतो, भडका उडालेल्या किडीवर नाही. हे आधीच सांगितलं नाही तर पहिल्याच अपयशात प्रकल्पाचं नाव खराब होतं.

100 एकरांसाठी इतर सामान: 200 सापळे, ऑगस्ट ते नोव्हेंबरच्या 800 गोळ्या, मोजणीच्या 4 वह्या, 4 भिंगं. कृषी विज्ञान केंद्र आणि आत्मा (शेतीविस्ताराची जिल्हा यंत्रणा) यांच्याकडे मागणी एप्रिलमध्येच द्या. पोळ्याला आलेले सापळे निम्मे निरुपयोगी.

फवारावंच लागलं तर

एका वेळी एकच औषध, शक्यतो निळ्या-हिरव्या त्रिकोणाचं, लेबलवर कपाशी आणि ती कीड दोन्ही लिहिलेली असतील तरच. पंप आधी साध्या पाण्याने चालवून पाहा. पाठीवर गळणारा पंप हे विषबाधेचं मोठं कारण आहे, म्हणून जुलैत गावात एक दिवस पंपदुरुस्तीसाठी ठेवा. तणनाशकाचा पंप वेगळाच हवा, 2,4-डीचा अंश राहिला तरी कपाशीची पानं आकसतात. वारा पाठीशी ठेवून सकाळी फवारा. पीक छातीच्या वर गेलं असेल तर ओळींत शिरून फवारू नका. औषधाने भिजलेला रुमाल तोंडाला बांधून ठेवणं उघड्या तोंडापेक्षा वाईट.

घाम, लाळ, धूसर दिसणं, उलटी यांपैकी काहीही झालं तर कपडे काढा, साबणाने अंग धुवा आणि 108 ला फोन करा. बाटली सोबत न्या. उलटी मुद्दाम करवू नका. रिकाम्या बाटल्या तीनदा विसळून ते पाणी पंपातच ओता आणि बाटलीला भोक पाडा.

डिसेंबर

वर्षभरातलं सगळ्यात परिणामकारक काम हंगाम संपताना येतं आणि त्यात औषध लागतच नाही. डिसेंबरअखेर कपाशी मोडायची, फरदड (त्यानंतरही पाणी देऊन लांबवलेलं पीक) घ्यायची नाही. ओलित असलेला शेतकरी इथे अडतो, कारण चार वेचण्यांचा कापूस त्याला समोर दिसत असतो. फरदडीत पोसलेली अळी पुढच्या जुलैत सगळ्या शिवारात येते, हे त्याच्या घरी जाऊन, त्याच्याच शेतातली बोंडं फोडून दाखवा. जनावरं चारून उरलेली बोंडं संपवा. बांधावर पऱ्हाटीचे ढीग ठेवू नका. सरपणाला लागणारी पऱ्हाटी मेअखेर वापरून संपली पाहिजे. घरात किंवा जिनिंगमध्ये साठवलेल्या कापसाजवळही सापळे लावा. मग फेब्रुवारीत तीच 30 घरं, तेच प्रश्न. सोबत प्रकल्पाबाहेरच्या 10 शेतांची नोंद घ्या, म्हणजे फवारण्या घटल्या त्या मोजणीमुळे की त्या वर्षी कीडच कमी होती, ते कळेल.