दोन मार्कांनी गेली, असं घरी सांगू नका

एमपीएससीच्या राज्यसेवेची पूर्व परीक्षा पहिल्यांदा देताय ना? मग पुस्तकांची यादी मी देत बसत नाही, ती तुमच्याकडे असेलच. मला घरच्यांशी बोलण्याबद्दल सांगायचं आहे, कारण मी तिथे चुकले आणि त्याचा भुर्दंड माझ्या भावाला पडला.

आम्ही नागपूरच्या महाल भागातले. बाबा इतवारीत एका ठोक दुकानात दिवाणजी, आई घरीच शिवणकाम करते. दोन खोल्या. आतली मला अभ्यासाला दिलेली, आणि घरातला एकुलता एक कूलर त्याच खोलीत. मे महिन्यात नागपुरात याचा अर्थ काय होतो ते वेगळं सांगायला नको. बाकीचे तिघं बाहेर पंख्याखाली झोपायचे.

माझी पहिली पूर्व 5 एप्रिल 2020 ला व्हायची होती. पुढे ढकलत ढकलत ती झाली 21 मार्च 2021 ला. त्या आठवड्यात नागपुरात पुन्हा लॉकडाउन लागलेलं. बाबांनी स्कूटरवर केंद्रापर्यंत सोडलं, वाटेत पोलिसांना हॉल तिकीट दाखवत. पेपर सुटेपर्यंत ते बाहेर उन्हातच उभे होते.

उत्तरतालिका आल्यावर माझ्या उत्तरपत्रिकेची कार्बन कॉपी घेऊन बसले. सामान्य अध्ययनाचे 100 पैकी 96 प्रश्न मी सोडवले होते. 55 बरोबर, 41 चूक. बरोबरला 2 मार्क, चुकलेल्याला अर्धा वजा. म्हणजे 110 मधून साडेवीस गेले, उरले साडेएकोणनव्वद. तेव्हा सीसॅटचे, म्हणजे उतारे-बुद्धिमत्तेच्या दुसऱ्या पेपरचेही मार्क धरायचे, आतासारखं 33 टक्के मिळाले की सुटलो असं नव्हतं. निकाल लागला तेव्हा मी कट-ऑफच्या 38 मार्क खाली होते.

बाबा दुकानातून आले. चप्पल काढता काढता विचारलं, "काय झालं बेटा?"

मी म्हटलं, "दोन मार्कांनी गेली."

ठरवून नाही बोलले. तोंडातून निघून गेलं. आई म्हणाली, "जाऊ दे, पुढच्या वेळी होते." बाबांनी दुसऱ्या दिवशी दुकानात सांगितलं, मावशीने वर्ध्याचं स्थळ आणलं तर तिलाही हेच सांगितलं, की पोरगी दोन मार्कांवर आहे, वर्षभर थांबा. आजूबाजूला सगळ्यांना ते पाठ झालं.

आता जरा सावकाश वाचा, कारण हा खड्डा बाहेरून दिसत नाही. दोन मार्कांनी हुकलं म्हटलं की लोक नशिबाला बोल लावतात, तुमच्या पाठीवर हात ठेवतात आणि विषय संपतो. 38 म्हटलं असतं तर कुणीतरी विचारलंच असतं, इतके कुठे गेले? मग मला ती कार्बन कॉपी पुन्हा काढावी लागली असती. त्या 38 पैकी साडेवीस मार्क नुसते अंदाजाने गोळे रंगवण्यात गेले होते. अभ्यास कमी पडला हा पुढचा प्रश्न, आधी न येणारं सोडून द्यायची सवय हवी होती. ते मला कळलंच नाही, कारण काही दिवसांनी मीसुद्धा दोनच मार्क म्हणू लागले. सीताबर्डीच्या ज्या क्लासमध्ये मी जायचे, तिथल्या सरांनीही कार्बन कॉपी कधी मागितली नाही. "तुझं होणारच" म्हणाले आणि पुढच्या बॅचची फी घेतली. माझं मत कुणाला आवडो न आवडो, जो मार्गदर्शक तुमचे चुकलेले प्रश्न बघत नाही त्याच्याकडे जाऊ नका. टेलिग्रामवरच्या एका ओळीच्या नोट्सही नकोत. वाचल्याचं समाधान मिळतं, पेपरात दोन पर्यायांवर येऊन अडकता, आणि तिथेच अर्धा अर्धा मार्क जातो. दुसऱ्या वेळीही मी तशीच गेले. घरी सांगितलं, "चार मार्कांनी."

माझा भाऊ मेकॅनिकल डिप्लोमा करून बुटीबोरीला एका कंपनीत लागला होता. पगार बेताचा, पण दर महिन्याला घरी द्यायचा. 2023 मध्ये त्याने नोकरी सोडली. म्हणाला, "ताई, तू दोन मार्कांनी राहिली नं? म्हणजे पद्धत बरोबरच आहे तुही. तुह्याच नोट्स घेतो, तसाच करतो." मी त्याला थांबवलं नाही. माझ्या वह्या काढून दिल्या. त्या वह्यांवर पुसायचं फडकं फिरवताना माझे हात गार पडले होते, आणि तरी मी दिल्या.

त्याने पूर्व दिली तेव्हा माझ्याइतकेच प्रश्न सोडवून आला. अगदी छाती पुढे काढून म्हणाला, "97 केले." त्या रात्री मी माझी जुनी कार्बन कॉपी त्याच्यापुढे ठेवली.

तो रागावला. चार दिवस बोलला नाही. वर्ष त्याचंही गेलं होतं, पगार गेला होता. मी त्याला दोष देत नाही.

आज मी लिपिक-टंकलेखक आहे. मराठी टायपिंगचं 30 शब्दांचं सर्टिफिकेट मी आधी लाजत लाजत काढलं होतं, तेच कामी आलं. लिपिकासारखं गट-क पद म्हणजे हरणं, असं अभ्यासिकेत ज्यांना वाटतं त्यांचं ऐकू नका. पहिला पगार आईच्या हातात दिला, त्या दिवशी मला माझं नाव माझं वाटलं. भाऊ पुन्हा नोकरीला लागला आहे आणि सुट्टीच्या दिवशी अभ्यास करतो. तुमचंही होईल, घाबरून जाऊ नका. फक्त खुल्या वर्गाला 38 वर्षांपर्यंत परवानगी आहे म्हणून 38 पर्यंत द्यायचीच, असं धरून चालू नका. किती वेळा देणार ते घरी आधीच बोला. आणि पूर्वनंतरची मुख्य परीक्षा आता पर्याय निवडायची नाही, उत्तरं लिहायची आहे, 1750 मार्कांची. लिहिलेलं उत्तर वाचून तोंडावर वाईट म्हणणारं एक माणूस आतापासून शोधा. घरातलं असेल तर फारच चांगलं.

बाबांना सांगायला मला भावानंतरही आठवडा लागला. ते हिशेबाची वही घेऊन बसले होते. मी सगळं सांगितलं, 38 मार्क, दोनदा खोटं, भावाचं वर्ष. त्यांनी वही मिटली नाही. पेन्सिल कानावरून काढली आणि विचारलं,

"अडतीस म्हणजे किती प्रश्न होतात गं?"

"एकोणीस, बाबा."

"आण तो कागद."