पलंगावरचा अलार्म कसा लावावा, आणि वाजल्यावर काय करावं

खुब्याच्या ऑपरेशननंतर माझ्या वडिलांना, नानांना, घरी आणलं, त्याच आठवड्यात आम्ही बेड सेन्सर अलार्म मागवला. तिसऱ्या रात्री तो वाजला. मी शेजारच्या खोलीतून धावत गेले, तोवर नाना पलंगाला टेकून फरशीवर बसलेले. नशीब, फक्त कोपर खरचटलं होतं. यंत्रात काही बिघाड नव्हता, उशीर मलाच झाला होता.

हा अलार्म माणसाला धरून ठेवत नाही, माणूस उठला एवढीच खबर देतो. अमेरिकेतल्या एका रुग्णालयात 16 वॉर्ड आणि 27,672 रुग्णांवर 18 महिने याचा अभ्यास झाला होता. 2012 साली निष्कर्ष छापून आला: अलार्म जास्त वापरले गेले, पण पडण्याचं प्रमाण म्हणावं तसं घटलं नाही. वॉर्डात एका सिस्टरकडे अनेक पेशंट असतात. घरात पेशंट एक आणि सोबतीला निदान एक माणूस असतो, म्हणून घरी याचा उपयोग होऊ शकतो असं मला वाटतं. मात्र लावण्याआधी थोडा गृहपाठ हवा.

आधी सेकंद मोजा

अलार्मचं पॅड, म्हणजे अंगाखाली ठेवायची सेन्सरची चपटी पट्टी, अजून खोक्यातच असू द्या. पेशंट दिवसा तुमच्यासमोर उठत असेल तेव्हा घड्याळ लावा: पाठ उचलल्यापासून पाय जमिनीवर टेकवून उभं राहीपर्यंत किती वेळ जातो? मग रात्री तुम्ही जिथे झोपता तिथे आडवे व्हा. घरातल्या कुणाला तरी हाक मारायला सांगा आणि दार, दिवा, चष्मा, चप्पल सगळं धरून पलंगापर्यंत पोचायला लागणारा वेळ मोजा. नानांना उभं राहायला अठरा सेकंद लागायची, मला पोचायला पस्तीस. हा हिशेब आधी केला असता तर ती तिसरी रात्र टळली असती. तुमचा आकडा मोठा निघाला तर महागडं यंत्र घेण्याआधी आपली गादी त्यांच्या खोलीत हलवा. रात्रपाळीला मावशी असतील तर त्यांचीही अशीच एक तालीम घ्या. त्या हॉलमध्ये टीव्हीसमोर बसणार असतील, तर अंतर तिथून मोजायचं.

पॅड कुठे ठेवायचं

बहुतेक पॅडमध्ये दाबाचा सेन्सर असतो. वजन आहे तोवर यंत्र गप्प राहतं, वजन हटलं की वाजतं. काही पॅड चादरीखाली ठेवायची असतात, काही गादीखाली. आपल्याकडच्या जाड काथ्याच्या किंवा गाठी झालेल्या कापसाच्या गादीखाली ठेवलेल्या पॅडपर्यंत हडकुळ्या म्हाताऱ्या माणसाचं वजन नीट पोचतच नाही. मग अलार्म उगाच वाजतो किंवा वाजायचा तेव्हा वाजत नाही. अशा गादीवर चादरीखालचं पॅड घ्या, आणि वर एकच चादर घाला. रबरी शीट, घडी केलेली गोधडी, वर टॉवेल असे थर चढवलेत की पुन्हा तीच गत.

आता जागा. पॅड खांद्यांखाली आडवं ठेवलं तर पाठ उचलताच अलार्म वाजतो, म्हणजे हातात जास्त सेकंद राहतात. पण झोपेत तळमळणाऱ्या माणसाच्या बाबतीत तो रात्रभर वाजत राहतो. बैठकीखाली ठेवलं तर खोटे गजर कमी होतात, पण खबर उशिरा मिळते. उठायला वेळ लागतो त्यांच्यासाठी बैठकीखालची जागा पुरते. झटकन उठून चालू लागणाऱ्यासाठी खांद्याखालची. पलंग पाठीकडून वर होणारा असेल तर घडी पडते त्या जागी पॅड नको.

वायर भिंतीच्या बाजूने न्या. ज्या बाजूने पेशंट उतरतो त्या बाजूला लोंबणाऱ्या वायरीत पाय अडकून पडणं म्हणजे रोगापेक्षा औषध भयंकर. भोंगा शक्यतो पेशंटच्या कानाशी न ठेवता तुमच्या उशाशी ठेवा. वायरलेस रिसीव्हर मिळत असेल तर तोच घ्या. कानाशी कर्कश आवाज झाला की म्हातारं माणूस दचकून अजूनच घाईने उठतं. नाना तर पुढे पुढे भोंगा वाजेल म्हणून कूसच बदलेनात, आणि पाठीवर लाल चट्टा उठला. म्हणून हे काय आहे आणि कशासाठी आहे, ते त्यांना आधी सांगा, विचारा.

रोज रात्री हाताने पॅड दाबून सोडून बघा, वाजतं ना. पॅडला ठरावीक आयुष्य असतं. बदलायची तारीख मार्करने त्यावरच लिहा. वीज जाते त्या गावात बॅटरीवर चालणारंच यंत्र घ्या.

पलंगाचे कठडे दोन्ही बाजूंनी वर करून निर्धास्त होऊ नका. गोंधळलेलं माणूस कठड्यावरून उतरायला जातं आणि जास्त उंचावरून पडतं.

वाजल्यावर

लांबूनच "नाना, बसून राहा, आले मी" असं नेहमीच्या आवाजात म्हणा. ओरडू नका. आधी माणूस धरा, भोंगा नंतर बंद होईल. लगेच उभं न करता पलंगाच्या कडेला दोन मिनिटं बसवा, पाय जमिनीला टेकलेले हवेत. उभं राहिल्यावर वरचं बीपी 20 ने किंवा खालचं 10 ने उतरत असेल तर चक्कर येऊ शकते. डॉक्टरांना सांगून झोपून आणि उभं राहून असं दोन्ही वेळा बीपी मोजून घ्या.

आणि उशाशी एक वही ठेवा. अलार्म वाजल्याची वेळ आणि ते का उठले, एवढंच लिहायचं. मला विचाराल तर या सगळ्या खटाटोपातली खरी कामाची वस्तू ती वहीच. आमच्या वहीत आठवड्यात नऊ नोंदी झाल्या, त्यातल्या सात रात्री दोन ते तीनच्या दरम्यान, लघवीसाठी. मग मी दीडचा गजर लावून स्वतःच त्यांना उठवू लागले. लघवी वाढवणारी गोळी ते संध्याकाळी घेत होते. डॉक्टरांना विचारून ती सकाळी आणली. पुढच्या आठवड्यात अलार्म दोनदाच वाजला.

एवढं करूनही कुणी पडलंच, तर काखेत हात घालून लगेच उचलू नका. खुब्यात किंवा मांडीत दुखतंय का विचारा. एक पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसला तर तसंच पडू द्या, अंगावर पांघरूण घाला आणि 108 ला फोन करा. डोकं आपटलं असेल आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर वरून टेंगूळसुद्धा नसलं तरी सकाळपर्यंत थांबू नका, त्याच रात्री रुग्णालयात न्या.