कनॅब ते पेज : अंतर कसं मोजावं आणि घड्याळ कसं लावावं

युटातल्या कनॅबहून ॲरिझोनातल्या पेजला अँटिलोप कॅन्यन ही खडकातली अरुंद घळ बघायला निघालेले आमचे पाहुणे दरवेळी एकच विचारतात, "किती लांब आहे?" कोणीतरी ठोकून देतं, साठ मैल. हा नकाशावर पट्टी ठेवून काढलेला आकडा. रस्त्याने साधारण 74 मैल धरा, म्हणजे 120 किलोमीटरच्या आसपास.

रस्ता यूएस 89. मॅपमध्ये '89 ए' दिसला तर तो हा नव्हे. तो जेकब लेकवरून भलामोठा वळसा घालतो. पेट्रोल कनॅबलाच भरा. पाऊस झाला असेल तर कच्च्या रस्त्याचा शॉर्टकट कोणी कितीही सुचवो, घेऊ नका, चिखलात गाडी रुतते.

गाडीला लागतो सव्वा तास. खरी गोची पुढे आहे.

मार्च ते नोव्हेंबर युटात उन्हाळी वेळेसाठी घड्याळ एक तास पुढे करतात. ॲरिझोना 1968 पासून ही भानगड करत नाही. त्यामुळे उन्हाळ्यात कनॅबहून आठला निघालात की पेजला पोचता सव्वाआठला. एक तास फुकट मिळाला म्हणून खूश होऊ नका, परतताना तो वसूल होतो. पहिल्या खेपेला आम्ही पेजहून रात्री आठला निघालो. सव्वानऊला पोचून जेवू, असा माझा हिशोब. कनॅबला तेव्हा सव्वादहा वाजले होते आणि सगळी हॉटेलं बंद. आईने पुण्याहून आणलेला चिवडा आम्ही गाडीतच, डॅशबोर्डवर कागद पसरून खाल्ला. तिने त्यावर एक शब्द काढला नाही, तेच जास्त लागलं.

त्यात आणखी एक मेख. कॅन्यन आहे नावाहो या मूळ अमेरिकी लोकांच्या जमिनीवर आणि ॲरिझोनात असूनही ते लोक घड्याळ पुढे करतात. म्हणून "नावाहो वेळ पाळा" असा सल्ला बरेच जण देतात. साफ चूक! अँटिलोपच्या टूर पेजच्या वेळेनेच निघतात. गाइडशिवाय आत सोडत नाहीत, त्यामुळे टूर चुकली की चुकलीच.

फोनवर तर अजिबात विसंबू नका. सीमेच्या आसपास तो कधी या टॉवरची वेळ दाखवतो, कधी त्या. कनॅबहून निघण्याआधीच 'आपोआप वेळ' बंद करा आणि शहर म्हणून ॲरिझोनातलं फिनिक्स निवडा. गजर त्यानंतरच लावा. मी तर गाडीत एक साधं काट्याचं घड्याळ पेजच्या वेळेला लावून ठेवतो. मुलं हसतात, हसू देत.

हिवाळ्यात दोन्हीकडे एकच वेळ असते, यातलं काही करावं लागत नाही. फक्त अंधार पडायच्या आत पोचा, रस्त्यावर हरणं येतात.

पेजच्या तोंडाशी ग्लेन कॅन्यन धरण लागतं. तिथे थांबायचा मोह होतोच. टूर आधी, फोटो मग.