स्ट्रीमिंग अडकतंय? प्लॅन वाढवण्याआधी या चुका टाळा

सिनेमा ऐन रंगात आला की पडद्यावर गोल फिरायला लागतं आणि घरातलं कोणीतरी हमखास म्हणतं, ‘प्लॅन वाढवून घे.’ ही पहिली चूक, आणि सगळ्यात महागडी. नेटफ्लिक्सच्याच सांगण्यानुसार फुल एचडीला ५ आणि त्याहून बारकाईच्या ४के चित्राला १५ एमबीपीएस (हे इंटरनेटच्या वेगाचं माप) पुरतात. तुमचा प्लॅन शंभराचा असेल तर तो दोनशेचा करून काय मिळणार? घोडं बहुतेक वेळा घरातच पेंड खातं, राउटर आणि टीव्हीच्या मधल्या जागेत.

खात्री करून घ्यायला दोन मिनिटं लागतात. फोनवर फास्ट डॉट कॉम उघडा. एकदा राउटरशेजारी उभं राहून आकडा बघा, एकदा टीव्हीला खेटून. तिकडे ९० आणि इकडे ७ आला, तर इंटरनेटवाल्याला बोलावून उपयोग नाही. तो येईल, राउटर बंद करून चालू करेल, ‘आता बघा’ म्हणेल आणि जाईल.

फायबरची वायर जिथून घरात शिरते तिथेच राउटर लटकवायचा, ही आपल्याकडची रीत. म्हणजे दारामागे, चपलांच्या कपाटावर. काही जण तर दिसायला बरं नाही म्हणून तो कपाटाच्या आत ठेवतात. पुण्याच्या पेठेतल्या जुन्या वाड्याच्या जाडजूड भिंतींतून सिग्नल आरपार जाईल ही आशा सोडा. कोथरूड-बाणेरच्या नव्या फ्लॅटमध्ये भिंती पातळ असतात, पण मधे आरसीसीचा कॉलम आणि त्याला टेकून लोखंडी कपाट. राउटर हॉलमध्ये, छातीच्या उंचीवर, उघड्यावर हवा. त्यासाठी वायर वाढवून लागली तर ऑपरेटरकडून वाढवून घ्या. हा खर्च एकदाच होतो, मोठ्या प्लॅनचा दर महिन्याला.

वायफायची दोन नावं दिसत असतील तर टीव्ही ५ गिगाहर्ट्झच्या नावावर जोडा. दुसरं, २.४ चं, लांब पोचतं, पण सोसायटीत शेजारपाजारचे सगळे राउटर त्याच गर्दीत घुसलेले असतात. अर्थात मधे दोन भिंती असतील तर ५ चा जोर ओसरतो, तेव्हा २.४ च बरं. दोन्ही लावून बघा, जे न अडकता चालेल ते ठेवा.

माझं विचाराल तर राउटरपासून टीव्हीपर्यंत सरळ लॅन केबल टाका. इलेक्ट्रिशियन केसिंग पट्टी मारून तासाभरात काम उरकतो. बहुतेक टीव्हींचं लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचंच असतं, हे वाचून दचकू नका. ४के ला लागतात १५. शिवाय टीव्ही केबलवर गेला की वायफायवरचा भार हलका होतो, आणि आतल्या खोलीत मुलांचे क्लास सुरू असताना आई-बाबांची मालिका तुटत नाही.

साध्या टीव्हीवर ॲप चालवायला मागे खोचायची स्ट्रीमिंग स्टिक लावली असेल तर तिची यूएसबी वायर टीव्हीच्या पोर्टात खुपसू नका. साधं यूएसबी २.० पोर्ट अर्धा अँपिअर देतं, स्टिकला बरेचदा एक अँपिअर लागतो. मग ती मधेच बंद पडून पुन्हा सुरू होते आणि आपण ॲपच्या नावाने शंख करतो. सोबत आलेला ॲडाप्टर खोक्यातून काढून वापरा.

फोनचा स्क्रीन टीव्हीवर मिरर केला की आवाज येतो पण चित्र काळं? बिघाड नाही, कॉपीराइटसाठी ॲपनेच ते अडवलेलं असतं. टीव्हीवरचं ॲप उघडा किंवा फोनच्या ॲपमध्ये कास्टचं (टीव्हीवर पाठवायचं) चिन्ह असेल तर ते दाबा. आणि नेटफ्लिक्सचा स्वस्तातला मोबाइल प्लॅन टीव्हीवर चालत नाही, हे पैसे भरण्याआधी वाचलेलं बरं.

भाड्याच्या खोलीत फोनच्या हॉटस्पॉटवर भागवणाऱ्यांसाठी: एचडी चित्राला तासाला साधारण ३ जीबीपर्यंत डेटा जातो. रोजचा दीड जीबी अर्ध्या तासात खलास. ॲपमध्ये क्वालिटी खाली आणा, नाहीतर कॉलेजच्या वायफायवर आधीच डाउनलोड करून ठेवा.

वीज गेली की इंटरनेटही जातं, म्हणून लोक राउटरला छोटा यूपीएस लावतात. गुरुवारी महावितरणची देखभाल दुरुस्ती निघाली की तो कामी येतो. फक्त फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही जोडा, आणि ॲडाप्टरवरचा व्होल्टचा आकडा जुळवून घ्या. १२ चं ९ ला चालत नाही. सोसायटीतल्या ऑपरेटरच्या पेटीलाच बॅकअप नसेल तर मात्र घरचा यूपीएस शोभेचा.

गाण्यांचं दुखणं निराळं. ब्लूटूथ स्पीकरवर ख्याल लावला, तेवढ्यात मावशीचा फोन आला, की स्पीकरवर मावशी. स्पीकर वायफायचा असेल तर ब्लूटूथऐवजी वायफायवरून लावा. गाणं तिकडे स्वतंत्र चालू राहतं, फोन मोकळा. शास्त्रीय ऐकणाऱ्यांनी गाण्यांच्या ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन क्रॉसफेड, म्हणजे एक गाणं संपता संपताच पुढचं सुरू करणारी सोय, बंद करावं. विलंबित संपता संपता त्यावर द्रुत चढलेलं ऐकवत नाही. साउंडबार टीव्हीला जोडताना एचडीएमआयची वायर ‘एआरसी’ लिहिलेल्या पोर्टातच घाला, बाकीच्या एचडीएमआय पोर्टांतून टीव्हीचा आवाज बाहेर येत नाही.

राहता राहिले पैसे. ॲप काढून टाकलं म्हणजे वर्गणी थांबली असं नाही. यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेचा विभाग असतो, तिथे जाऊन मँडेट, म्हणजे आपोआप पैसे कापायला दिलेली परवानगी, रद्द करावं लागतं. कार्डातून आपोआप पैसे कापण्याआधी किमान २४ तास सूचना यायला हवी असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो मेसेज जाहिरात समजून पुसू नका.