मेंदीला धीर, निळीला घाई : पांढऱ्या केसांना घरच्या घरी रंग देण्याची रीत

पिकलेले केस रासायनिक रंगाशिवाय तपकिरी किंवा काळे करायचे असतील, तर मेंदी आणि नीळ या दोन पानांच्या पुडी पुरतात. मात्र या दोन्ही पुडींचा स्वभाव एकमेकींच्या अगदी उलट आहे. मेंदीला आंबटपणा आणि पुष्कळ वेळ लागतो. निळीला आंबट चालत नाही आणि थांबलेले तर मुळीच चालत नाही. माझ्या ओळखीत ज्यांचा रंग फसला, त्यांतल्या बहुतेकांनी दोन्ही पुडी एकाच पद्धतीने भिजवल्या होत्या आणि त्यांच्यात पहिला क्रमांक माझाच होता. सात-आठ वर्षांपूर्वी मी मेंदी, नीळ, लिंबाचा रस आणि चहाचे पाणी असे सगळे लोखंडी कढईत एकत्र कालवून रात्रभर झाकून ठेवले आणि सकाळी मोठ्या विश्वासाने लावले. न्हाऊन आरशात पाहिले, तेव्हा काळ्या केसांमधून भगव्या बटा चमकत होत्या आणि कानशिलाजवळ पांढरे तसेच राहिले होते. तांबडा-पांढरा ताटात शोभतो, डोक्यावर नाही, हे त्या दिवशी घरच्यांनी मला बऱ्याच वेळा ऐकवले. चूक कुठे झाली हे समजायला या दोन पानांत नेमके काय असते ते पाहावे लागते.

मेंदीच्या पानात लॉसोन नावाचे नारिंगी-तांबूस रंगद्रव्य तयार होते. पूड आंबटसर पाण्यात भिजली की ते हळूहळू सुटते, केसातल्या केराटिन या प्रथिनाला घट्ट चिकटते आणि मग सहसा निघत नाही. निळीच्या पानात तयार निळा रंग नसतो. त्यात इंडिकॅन नावाचे रंगहीन द्रव्य असते. कोमट पाणी लागताच पानातलेच एक विकर (एन्झाइम) त्याचे विघटन करते, त्यातून इंडॉक्सिल निघते आणि हवेतल्या प्राणवायूशी संयोग होऊन त्याची निळ्या रंगाची नीळ होते. नीळ पाण्यात विरघळत नाही. म्हणून इंडॉक्सिल केसात शिरल्यावर त्याची नीळ झाली, तर रंग आत अडकतो. वाटीतच झाली, तर केसांच्या वरवर बसून धुण्यात वाहून जातो. मी रात्रभर ठेवलेल्या कढईत नीळ केव्हाच होऊन गेली होती. केसांना मिळाली ती फक्त मेंदी.

खरेदी

मेंदीची पूड आपल्याकडे बहुतेक राजस्थानातून येते. पाली जिल्ह्यातल्या सोजतच्या मेंदीला 2021 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. नीळ मुख्यतः तमिळनाडू आणि आंध्र प्रदेशातून येते. कोल्हापुरात महाद्वार रोडच्या आसपास किंवा लक्ष्मीपुरीत काष्ठौषधीच्या दुकानात दोन्ही मागता येतात, परंतु नुसते ‘नीळ द्या’ म्हटले तर कपड्यांना घालायची नीळ समोर येण्याचा संभव असतो. ती वेगळीच वस्तू आहे आणि केसांच्या कामाची नाही. ‘केसांना लावायची निळीच्या पानांची पूड’ किंवा सरळ ‘इंडिगो पावडर’ असे म्हणावे. पाकिटावर मेंदीसाठी ‘लॉसोनिया इनर्मिस’ आणि निळीसाठी ‘इंडिगोफेरा टिंक्टोरिया’ एवढेच घटक असावेत. दोन्ही पुडी हिरवट असतात. मात्र निळीची पूड डोळ्याला थोडी निळसर छटेची दिसते.

‘काळी मेंदी’ नावाच्या पाकिटाबद्दल मात्र सावध राहावे. मेंदीचे पान काळा रंग देत नाही. एकच पूड पाण्यात कालवून अर्ध्या तासात केस काळेभोर होत असतील, तर त्यात बहुधा पॅराफेनिलिनडायअमिन, म्हणजे पीपीडी, हे रसायन मिसळलेले असते. काही जणांना त्याची तीव्र ॲलर्जी होते, कपाळ आणि पापण्या सुजतात, आणि एकदा ॲलर्जी जडली की पुढच्या प्रत्येक वेळी त्रास होतो. घटकांची यादी न छापलेले पाकीट कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये.

गावाकडे परसात मेंदीचे झुडूप असेल, तर पाने सावलीत वाळवून घरी पूड करता येते. ती वस्त्रगाळ मात्र झालीच पाहिजे, नाहीतर काड्या आणि रेती केसांतून काढता काढता अर्धा दिवस जातो. बंगल्यांच्या कुंपणाला पुष्कळदा कडू मेंदी लावलेली असते; नाव सारखे असले तरी ती निराळी वनस्पती आहे आणि तिच्या पानांनी केस रंगत नाहीत.

आधी चाचणी

फणीत अडकलेले पांढरे केस आठवडाभर जमवून त्यांची छोटी बट करावी, एका टोकाला दोरा बांधावा आणि संपूर्ण प्रयोग आधी तिच्यावर करून पाहावा. प्रत्येकाच्या केसांना रंग वेगळा चढतो, त्यामुळे दुसऱ्याच्या फोटोपेक्षा ही बट अधिक खरे सांगते. त्याच वेळी कोपराच्या आतल्या बाजूला दोन्ही पुडींचा थोडा थोडा लगदा लावून दोन दिवस खाज किंवा पुरळ येत नाही ना, हे पाहावे. जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता असलेल्यांनी मेंदी लावू नये, कारण त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी तिने फुटू शकतात. त्याच कारणाने तान्ह्या मुलांनाही ती लावू नये. टाळूवर जखम किंवा खरूज असेल, तर ती बरी होईपर्यंत थांबावे.

मेंदी भिजवणे

आखूड केसांना साधारण 100 ग्रॅम, खांद्यापर्यंतच्या केसांना 200 ग्रॅम आणि केवळ मुळांना लावायची असेल तर 50 ग्रॅम पूड पुरते. नीळही तेवढ्याच वजनाची घ्यावी. काचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात मेंदी घेऊन तिच्यात कोमट पाणी आणि थोडा आंबटपणा घालावा. त्यासाठी 100 ग्रॅमला दोन चमचे लिंबाचा रस पुष्कळ झाला, कारण जास्त लिंबाने केस कोरडे पडतात. मला स्वतःला लिंबापेक्षा आवळ्याची पूड बरी वाटते. 100 ग्रॅमला 25 ग्रॅम आवळापूड घातली, की केस राठ होत नाहीत आणि मेंदीचा भगवेपणाही थोडा उतरतो. लगदा घट्ट पिठल्यासारखा असावा; चमचा उभा केला तर हळूहळू कलंडला पाहिजे.

दही, अंडे आणि तेल यांचा मोह इथे आवरावा. दही आणि अंडे यांतल्या प्रथिनांवरच रंगाचा काही भाग खर्ची पडतो आणि तेलाने केसांवर आडपडदा तयार होतो. केस मऊ करायचे असतील, तर ते काम दुसऱ्या दिवसासाठी ठेवावे. लोखंडी कढईचा आग्रहही मी आता सोडला आहे. चहातले टॅनिन आणि लोखंड यांच्या संयोगाने लगदा शाईसारखा काळा होतो, म्हणून रंग गडद येईल असे वाटते, परंतु तो काळेपणा केसांत फारसा मुरत नाही.

भांडे झाकून किती वेळ ठेवायचे, हे हवेवर अवलंबून असते. चैत्र-वैशाखात कोल्हापुरात तीन-चार तासांत रंग सुटतो. आषाढात झड लागली किंवा पौषात रात्री गारठा पडला, तर आठ ते बारा तास लागतात, म्हणून मी मेंदी रात्री भिजवते. रंग सुटला की वरचा थर तपकिरी होतो आणि आतला हिरवट राहतो. तळहातावर एक थेंब पाच मिनिटे ठेवून पुसला, की नारिंगी डाग उमटला पाहिजे. डाग उमटत नसेल, तर आणखी थांबावे. दोन दिवस तशीच बाहेर पडून राहिलेली मेंदी मात्र जोर गमावते.

लावणे

शनिवारी रात्री मेंदी भिजवली, तर रविवारचे वेळापत्रक सोयीचे बसते. सकाळी आठला मेंदी, साडेअकराला धुणे, बाराला नीळ आणि दोन वाजता पुन्हा धुणे. मटणाचा रस्सा त्या दिवशी दुसऱ्या कोणाला तरी करायला सांगावा. त्याआधी नळाला पाणी कधी येते आणि टाकीत किती आहे, हे पाहून घेणे जरुरीचे आहे, कारण दोन वेळा डोके धुवायला मिळून चार-पाच बादल्या सहज जातात.

केस आदल्या दिवशी तेल न लावता शाम्पूने धुऊन पूर्ण कोरडे करावेत. कपाळाची कड, कान आणि मान यांना व्हॅसलीन चोळावे, मात्र ते केसांना लागू देऊ नये. हातमोजे घालून, बोटाएवढ्या रुंदीचे भांग पाडत, मुळापासून टोकापर्यंत लगदा भरपूर थापावा. पांढऱ्या केसांना पातळ थर पुरत नाही. कानशिलावरचे आणि भांगाच्या सुरुवातीचे केस सर्वांत हट्टी असतात, म्हणून सुरुवात तिथून करून शेवटी पुन्हा तिथेच एक हात फिरवावा. त्यावर प्लास्टिकची टोपी घालून तीन तास बसावे. लगदा वाळला की रंग चढणे थांबते, म्हणून टोपी वगळू नये. नंतर मोठ्या टोपात किंवा बादलीत पाणी घेऊन डोके बुडवून मेंदी सोडवावी, स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवावे आणि केस पंचाने टिपून घ्यावेत. शाम्पू किंवा कंडिशनर या टप्प्यावर लावू नये. आता केस भडक भगवे दिसतील आणि ते तसेच दिसायला हवेत. पांढऱ्या केसांवर नुसती नीळ लावली, तर निळसर-हिरवट राखाडी छटा येते; खालच्या भगव्यावर निळा चढतो, तेव्हाच काळा रंग तयार होतो.

निळीची वीस मिनिटे

सर्व तयारी झाल्यानंतरच निळीचे पाकीट फोडावे. 100 ग्रॅम पुडीत अर्धा चमचा मीठ घालून थोडे थोडे कोमट पाणी ओतत कालवावे. उकळते पाणी घातल्यास पानातले विकर मरते, आणि लिंबू किंवा दही घातल्यास रंग बिघडतो. हा लगदा मेंदीसारखा चिकट होत नाही. तो रवाळ राहतो आणि केसांवरून घसरतो, म्हणून दह्याइतपत दाट ठेवावा. पहिल्यांदा तो वाटलेल्या पालकासारखा हिरवागार दिसतो. झाकून ठेवला की दहा मिनिटांत नुकत्याच कापलेल्या ओल्या वैरणीसारखा वास सुटतो, वरची साय काळपट निळी होऊ लागते, आणि चमच्याने ती बाजूला सारली की खालून हिरवा रंग डोकावतो. हीच लावण्याची वेळ. इथून पुढच्या वीस मिनिटांत सगळे डोके झाकून व्हायला हवे. म्हणून लांब केसांसाठी सगळी पूड एकदम न भिजवता दोन वाट्यांत मागेपुढे भिजवावी आणि मागच्या भागासाठी घरातल्या कोणाला तरी मदतीला घ्यावे. आमच्याकडे हे काम जाऊबाईंकडे असते आणि त्यांचे केस माझ्याकडे.

टोपी घालून दीड तास थांबावे आणि फक्त पाण्याने धुवावे. केसांना त्या दिवशी हिरवट झाक दिसली, तर घाबरू नये. हवेने रंग पक्का व्हायला दोन दिवस लागतात. तेवढ्या काळात शाम्पू, तेल आणि पावसात भिजणे टाळावे, उशीला जुनी खोळ घालावी आणि पांढरा सदरा किंवा पातळ नेसू नये, कारण निळीचे पाणी मानेवरून उतरते. दोन दिवसांनंतरही कानशिले तांबूस राहिली, तर तेवढ्याच भागाला नीळ पुन्हा लावावी.

काळ्याऐवजी तपकिरी रंग हवा असेल, तर दोन वेळा बसण्याची गरज नाही. रंग सुटलेली मेंदी आणि दहा मिनिटे वेगळी भिजवलेली नीळ अगदी लावायच्या वेळी एकत्र करून दोन-तीन तास ठेवता येते. दोन्ही सारख्या घेतल्यास मध्यम तपकिरी आणि नीळ दुप्पट घेतल्यास गडद तपकिरी रंग येतो. या मिश्रणासाठी मेंदी भिजवताना लिंबू वगळून नुसते पाणी वापरावे. माझ्या मते पहिल्यांदा करणाऱ्याने हाच रंग करावा. पुढे काळा करता येतो, पण काळ्यावरून मागे येता येत नाही. नीळ चढलेल्या केसांना नंतर ब्लीच केले, तर ते हिरवे पडू शकतात.

पुढच्या वेळी

केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, त्यामुळे चार ते सहा आठवड्यांनी फक्त मुळांना रंग द्यावा. दर वेळी संपूर्ण केसांना लावल्यास थरावर थर चढून टोके जास्त गडद आणि कडक होतात.

उरलेली निळीची पूड हवाबंद डब्यात अंधारात ठेवावी. भिजवलेली नीळ उरली, तर ती टाकूनच द्यावी लागते. भिजवलेली मेंदी मात्र फ्रीझरमध्ये काही महिने टिकते. तिच्या डब्यावर नाव ठळक लिहून चिकटवावे, कारण गोठलेली मेंदी आणि गोठलेली कोथिंबिरीची चटणी यांत घाईच्या वेळी कोणालाही फरक कळत नाही.