मार्गारिटा घरी करताय? आधी लिंबू मोजा, मग या चुका टाळा

मार्गारिटात गोष्टी तीनच: टकीला, संत्र्याचं लिकर आणि लिंबाचा रस. आंतरराष्ट्रीय बारटेंडर संघटनेचं प्रमाण ५० मिली टकीला, २० मिली ट्रिपल सेक आणि १५ मिली रस असं आहे. एवढं सोपं असूनही घरची मार्गारिटा कधी दात आंबवते, कधी पाणचट लागते. लोक टकीलाला दोष देतात. घोळ बहुतेक वेळा लिंबात नाहीतर बर्फात असतो.

‘एका लिंबाचा रस’ म्हणजे किती?

अमेरिकी पाककृतीत ‘एक लाइम’ लिहिलेलं असतं तेव्हा तिकडचं मोठं, बिनबियांचं पर्शियन लाइम अपेक्षित असतं. त्यातून साधारण ३० मिली रस निघतो. आपलं कागदी लिंबू त्याहून लहान, पातळ सालीचं आणि जास्त आंबट. मध्यम लिंबातून १५ मिलीच्या आसपास रस मिळतो, उन्हाळ्यातल्या कोरड्या लिंबातून तेवढाही नाही. गंमत म्हणजे मेक्सिकोत घरोघरी वापरतात तो छोटा ‘लिमोन’ याच जातीचा, त्यामुळे लिंबाच्या बाबतीत आपण मुळाच्या जवळच आहोत. फक्त नग मोजू नका, मिली मोजा. पेगच्या मापावर ३० आणि ६० च्याच खुणा असतात, म्हणून खोकल्याच्या औषधासोबत येणारं छोटं माप धुऊन घ्या. त्यावर ५, १० आणि १५ मिलीच्या खुणा असतात.

बऱ्याच बारमध्ये रस २५ मिलीपर्यंत घालतात. कागदी लिंबू असेल तर १५ पासून सुरुवात करा आणि २० वर थांबा.

पिवळं लिंबू दिसलं की काहींना तो लेमन, म्हणजे मोठं विदेशी पिवळं लिंबू, वाटतो. तसं नाही. ते पिकलेलं कागदी लिंबूच असतं आणि बहुधा रसाळ निघतं. कापण्याआधी ओट्यावर तळव्याखाली रगडा, मग हलक्या हाताने पिळा. शेवटच्या थेंबासाठी साल चिरडली की कडवटपणा उतरतो. रस काढायला मिक्सर तर नकोच, बिया भरडल्या की ते पेय वाचत नाही. रस त्याच दिवशीचा हवा. बाटलीतल्या लाइम कॉर्डियलमध्ये साखर असते, त्यामुळे सगळं प्रमाणच बिघडतं.

बर्फ

चुकीचा बर्फ म्हणजे बहुतेकदा ट्रेमधून आधीच काढून भांड्यात ठेवलेला, वितळू लागलेला, ओला बर्फ. हलवण्याआधीच त्याचं पाणी पेयात उतरतं. फ्रीझरमधून थेट शेकरमध्ये टाका आणि शेकर दोन तृतीयांश भरा. ‘कमी बर्फ, कमी पाणी’ हा हिशेब इथे उलटा पडतो: थोडा बर्फ लवकर वितळतो आणि पेय गार होत नाही. झाकण घट्ट लावून १२ ते १५ सेकंद जोरात हलवा. स्टीलवर दव धरलं की झालं. थोडं पाणी मिसळायलाच हवं, त्यानेच टकीलाचा जळजळीतपणा बसतो. घशाला लागत असेल तर बहुधा हलवणं कमी पडलंय.

फ्रीझरमध्ये सुरमई आणि ओलं खोबरं असेल तर बर्फाला वास लागतो. ट्रे झाकून ठेवा.

शेकर नसेल तर घट्ट झाकणाची एकपदरी स्टीलची बाटली आणि चहाची गाळणी पुरते. थर्मास घेतलात तर गारवा हाताला कळत नाही, सेकंद मोजा. त्यात सोडा कधीच घालू नका, झाकण उडतं. गार झाल्यावर शेकरचं झाकण अडकलं तर ओढाताण नको. आतली हवा आकसलेली असते, झाकणावर कोमट पाणी सोडलं की सुटतं.

संत्र्याची जागा संत्र्याचा ज्यूस घेत नाही

मार्गारिटा म्हणजे स्पॅनिशमध्ये डेझीचं फूल, आणि दारू, आंबट रस व गोड लिकर अशा पेयांच्या एका जुन्या घराण्याचं नावही डेझीच. ट्रिपल सेक गोडी देतं आणि दारूचं बळही. कोआँत्रो हा ट्रिपल सेकचा नावाजलेला ब्रँड ४० टक्के अल्कोहोलचा असतो, स्वस्त ट्रिपल सेक बरंच सौम्य आणि जास्त गोड. डब्यातला ज्यूस घातला की पेय नुसतं पातळ होतं. लिकर मिळत नसेल तर सरळ सॅन फ्रान्सिस्कोच्या टॉमीज रेस्टॉरंटची वाट धरा: ६० मिली टकीला, २० ते २५ मिली रस आणि १५ मिली पातळ केलेलं अगेव्ह सिरप (अगेव्ह म्हणजे घायपातीच्या कुळातली वनस्पती, टकीला तिच्यापासूनच होते). साखरेचा पाकही चालतो, पण तो गुलाबजामचा नव्हे. समप्रमाणात साखर-पाणी, साखर विरघळली की गॅस बंद, तार येऊ द्यायची नाही. दाणेदार साखर थेट घातलीत तर ती तळाशीच बसते.

टकीलाच्या लेबलवर ‘१०० टक्के अगेव्ह’ असं लिहिलेलं पाहा. नसेल तर ती मिक्स्टो, म्हणजे ती ज्या साखरेपासून बनते त्यातली निम्म्याच्या आसपास दुसऱ्या कशाची तरी असू शकते. ‘गोल्ड’ म्हणजे मुरवलेली असं नाही, रंग कॅरॅमलचाही असतो. ब्लँको, म्हणजे न मुरवलेली घ्या. महागडी, पिंपात मुरवलेली आन्येहो लिंबात वाया जाते. दख्खनच्या घायपातीपासून केलेलं देशी अगेव्ह स्पिरिट इथे छान चालतं, फक्त त्याला टकीला म्हणता येत नाही. ते नाव मेक्सिकोतल्या ठरावीक प्रदेशांपुरतं राखीव आहे.

मीठ

बारीक टेबल सॉल्ट ग्लासच्या कडेवर दाट बसतं आणि पहिल्याच घोटाला जीभ पोळते. खडेमीठ खलबत्त्यात जाडसर कुटा. ग्लासची निम्मीच कड, तीही बाहेरून, लिंबाच्या फोडीने ओली करून मिठात टेकवा. आतल्या बाजूला लागलेलं मीठ पेयात पडतं.

बिघडलीच तर

फार आंबट असेल तर ५ मिली पाक घालून बर्फाच्या दोन खड्यांसोबत पुन्हा हलवा. फार गोड असेल तर ५ मिली रस. चव सपाट लागत असेल तर आधी चिमटीभर मीठ घालून बघा. पाणचट झालेली मात्र सुधारत नाही.

मिक्सरमध्ये फ्रोझन करायची असेल तर एका ग्लासला साधारण एक कप फोडलेला बर्फ आणि १५ मिली जास्तीचा पाक घ्या, कारण थंडीत गोडी कमी जाणवते. चटणीचं भांडं नको, लसणाचा वास जात नाही. ज्या यंत्राने हा प्रकार बारमध्ये रुळवला, ते डॅलसच्या मारिआनो मार्टिनेझने १९७१ मध्ये सॉफ्ट आइस्क्रीमच्या मशीनमधून घडवलं आणि आज ते स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

एका ग्लासात सत्तर मिली कडक दारू असते, म्हणजे लार्ज पेगहून जास्त, आणि लिंबामुळे ती कळत नाही. आणि गच्चीवर भर उन्हात लिंबं पिळत बसू नका: सालीतल्या रसावर ऊन पडलं की कातडीवर फोड येतात आणि काळे डाग राहतात. आधी साबणाने हात धुवा, मग बाहेर जा.